रात्री साडेनऊ, दादर ते कणकवली

ॲप करायला घेतलं की आम्ही पहिल्याच दिवशी एक माणूस मनाशी धरतो आणि काम संपेपर्यंत त्याला सोडत नाही. आयत्या वेळी प्रवासाचं तिकीट काढून देणारं ॲप करताना आम्ही धरलेली व्यक्ती होती दादरच्या एका कापडदुकानात काम करणारी बाई. गुरुवारची रात्र आहे, साडेनऊ वाजलेत, दुकानाचं शटर अर्धं खाली आलंय आणि गावाहून भावाचा फोन येतो, "बाबांका कणकवलीक ॲडमिट केला हा. तू आताच निघ गो." तिच्या एका हातात पिशवी आहे, फोनची बॅटरी १८ टक्के आहे आणि खात्यात १,९०० रुपये.

ती ॲप उघडते तिथपासून गाडीत बसेपर्यंत पडद्यामागे काय काय चालतं, ते तिच्या अंगठ्याबरोबर जात जात पाहू.

प्रवासाच्या बहुतेक ॲपचा पहिला पडदा सुट्टीचा बेत आखणाऱ्यासाठी केलेला असतो. कुठून, कुठे, जायची तारीख, यायची तारीख, माणसं किती, आणि वर डोंगराचा नाहीतर समुद्राचा फोटो. या बाईला यातलं जवळपास काहीच नको. ती कुठे उभी आहे ते फोनला ठाऊक आहे. निघायचं आत्ता आहे. माणूस एकच आहे. म्हणून आमच्या पहिल्या पडद्यावर एकच रकाना राहिला, 'कुठे जायचंय?' बाकीच्या गोष्टी ॲपने स्वतः धरून चालायच्या आणि खाली एका ओळीत स्पष्ट लिहायच्या: 'दादरहून, आज रात्री, १ जण'. यातलं काही चुकीचं असेल तर ओळीवर बोट ठेवून बदलता येतं. बरोबर असेल तर चार प्रश्न वाचले.

तो रकाना पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात ठेवला, त्यालाही कारण आहे. स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने रस्त्यात, स्टेशनांवर, हॉटेलांत फोन वापरणाऱ्या १,३३३ माणसांची निरीक्षणं करून २०१३ साली ती मांडली. पडद्यावर बोट चालवणाऱ्यांपैकी ४९ टक्के लोक फोन एकाच हातात धरून अंगठ्याने काम करत होते. मोठ्या फोनवर अंगठा वरच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचत नाही. दुसऱ्या हातात पिशवी, छत्री नाहीतर लोकलच्या डब्यातली कडी असेल तर वरचं बटण असून नसल्यासारखं. बटण किमान ९ मिलिमीटरचं हवं, म्हणजे घाईत शेजारचं दाबलं जात नाही.

आता ती 'कणकवली' लिहिते. कुणी मराठीत लिहील, कुणी इंग्रजी अक्षरांत, कुणी 'कनकवली' असंही. हे सगळं एकाच गावाला जाऊन मिळालं पाहिजे. उलट एकाच नावाची गावं वेगळी ओळखू आली पाहिजेत. कोकण रेल्वेवर सिंधुदुर्गात नांदगाव रोड आहे आणि नाशिक जिल्ह्यात नांदगाव आहे. रडवेल्या डोळ्यांनी यादीतलं पहिलं नाव दाबणाऱ्या माणसाला ॲपने भलतीकडे पाठवलं, तर ती चूक त्या माणसाची म्हणता येणार नाही. म्हणून नावाखाली जिल्हा लिहायचा, आणि यादीत वर काय येईल ते ती व्यक्ती कुठे उभी आहे आणि साधारण कुठल्या मार्गाला लागेल यावरून ठरवायचं.

नाव निवडल्यावर पडद्यावर एक चक्र गोल फिरतं. त्या दोन-तीन सेकंदांत ॲपचा सर्व्हर बऱ्याच ठिकाणी एकदम विचारणा करत असतो. कारण जागांची एकच वही कुठेही नाही. रेल्वेची आरक्षणं रेल्वेच्या संगणकात, एसटीची एसटीच्या, आणि खासगी ट्रॅव्हल्सची कुणाची स्वतःच्या प्रणालीत तर कुणाची मध्यस्थाकडे. पूर्वी ही वही खरोखरच कागदाची असायची आणि एजंटागणिक वेगळी. २००५ च्या दिवाळीत फणींद्र सामा या तरुण अभियंत्याला बंगळूरहून हैदराबादला घरी जायला बसचं तिकीट मिळालं नाही. एजंटांकडे हिंडताना त्याच्या लक्षात आलं की कुठल्या गाडीत किती जागा आहेत हे एका ठिकाणी कुणालाच माहीत नाही. त्यातून २००६ साली रेडबस उभी राहिली. आयत्या वेळच्या तिकिटाचा प्रश्न मुळात असा माहितीच्या विखुरलेपणाचा आहे. पुष्कळदा जागा असते. ती कुठे आहे, ते मात्र कुणी सांगत नाही.

प्रत्येक शोधाला प्रत्येक ठिकाणी विचारत बसलं तर उत्तर यायला वेळ लागतो, समोरचा संगणकही थकतो. त्यामुळे ॲप मघाशी मिळालेलं उत्तर थोडा वेळ जपून ठेवतं आणि पुढच्या माणसाला तेच दाखवतं. तीन आठवड्यांनंतरच्या प्रवासाला दहा मिनिटांपूर्वीचं उत्तर चालून जातं. आज रात्रीच्या गाडीला ते चालत नाही, कारण शेवटच्या चार जागा दहा मिनिटांत संपतात. गाडी सुटायची वेळ जितकी जवळ, तितकं जुनं उत्तर लवकर फेकून द्यायचं, असा नियम आम्ही घातला. शेवटच्या तासात फार तर अर्ध्या मिनिटाचं जुनं. आणि एखाद्याकडून उत्तर आलंच नाही तर 'जागा नाही' असं लिहायचं नाही, 'अजून कळलं नाही' असं लिहायचं. या दोन वाक्यांतला फरक कणकवलीला पोहोचण्या-न पोहोचण्याइतका असू शकतो.

रेल्वेचं गणित वेगळं आहे. डिसेंबर १९९७ मध्ये सुरू झालेली 'तत्काळ' योजना आयत्या वेळेसाठीच आहे, पण तिची वेळ ठरलेली आहे: गाडी जिथून सुटते तिथल्या प्रवासाच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० आणि इतर वर्गांसाठी ११. रात्री साडेनऊला फोन आलेल्या माणसासाठी ते दार सकाळीच बंद झालेलं असतं. तिच्यासाठी उघडं राहतं ते करंट बुकिंग. गाडीचा चार्ट तयार झाल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा गाडी सुटण्याच्या थोडं आधीपर्यंत विकल्या जातात, आणि त्यावर तत्काळचं जादा शुल्कही लागत नाही. हे पुष्कळांना माहीतच नसतं. आणखी एक गोष्ट ॲपने आपणहून सांगायला हवी. चार्ट लागल्यावरही ऑनलाइन तिकीट पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर आरक्षित डब्यात चढता येत नाही. आरएसी असेल तर मात्र बसायला जागा मिळते. म्हणून आज रात्रीच्या यादीत वेटिंगचा आकडा आम्ही दाखवलाच नाही. ज्यावर जाता येईल तेवढंच दाखवलं.

उत्तरं आली. आता ती कुठल्या क्रमाने मांडायची? सवयीने क्रम स्वस्तापासून महागाकडे लागतो, नाहीतर सुटायच्या वेळेने. तिला हवा आहे तिसराच क्रम: मला कुठली गाठता येईल? कोकणात जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या गाड्या बोरिवलीहून निघतात, अंधेरी, सायन, वाशी करत पनवेलला लागतात आणि मग महामार्ग धरतात. बोरिवलीहून साडेआठला सुटलेली गाडी बऱ्याच ॲपच्या यादीतून साडेआठलाच नाहीशी होते. पण ती अजून सायनला यायची असते, आणि दादरहून सायन लोकलने दुसरं स्टेशन. पनवेलला तर ती आणखी उशिरा पोहोचणार, आणि कुर्ल्याला गाडी बदलून हार्बरने तिथपर्यंतही जाता येतं. ही गाडी यादीत परत आणणं, हे आमच्या सगळ्या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यासाठी प्रत्येक थांब्याची वेळ, गाडीतल्या जीपीएसवरून ती आत्ता कुठे आहे हे, आणि उभ्या जागेहून त्या थांब्यापर्यंत लागणारा वेळ, या तिन्हींचा मेळ घालावा लागतो. पडद्यावर मग एक साधी ओळ येते: 'सायन, १०.२०. तुम्ही लोकलने १०.०० पर्यंत पोहोचाल.' हातात किमान पंधरा मिनिटं उरत नसतील तर तो थांबा दाखवायचाच नाही. धावतपळत जाऊन मागचा दिवा बघायला मिळणं फार वाईट.

पुढचा खड्डा मध्यरात्रीचा. तुतारी एक्सप्रेस दादरहून सावंतवाडीला जाते, आणि तिची वेळ रात्री १२ वाजून ५ मिनिटांची आहे. आपण म्हणतो, गुरुवारी रात्रीची तुतारी. तिकिटावर तारीख असते शुक्रवारची. पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो आणि आपल्या बोलण्यातही रात्र आदल्याच दिवसाची असते. संगणकाचा दिवस मात्र बाराच्या ठोक्याला बदलतो. माझा मावसभाऊ एकदा अशा साडेबाराच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट घेऊन शुक्रवारी रात्री स्टँडवर गेला. त्याची गाडी चोवीस तास आधीच निघून गेली होती. तारीख त्याने नीट वाचली होती, वार नीट वाचला होता, आणि तरीही चुकला, कारण त्या पडद्याने त्याच्या भाषेत रात्र म्हणजे काय हे विचारात घेतलं नव्हतं. आम्ही बारा ते पहाटे चारपर्यंतच्या प्रत्येक गाडीपुढे पूर्ण वाक्य लिहिलं: 'आज गुरुवार. आज रात्री जेवून निघायचं, १२.०५ ला गाडी.' जेवणाचा उल्लेख पाहून एका सहकाऱ्याने भुवया उंचावल्या. पण स्टँडवर वीस-पंचवीस जणांना दाखवून पाहिलं तेव्हा या वाक्यावर कुणीही अडखळलं नाही.

तिने सायनची गाडी निवडली. जागांचा नकाशा उघडतो. एकट्या बाईला शेजारच्या जागेवर कोण आहे हे आधी दिसायला हवं. दोघांच्या स्लीपर बर्थमध्ये तर हवंच. ती सात नंबरचा वरचा बर्थ दाबते. भाडं १,१५० रुपये.

इथून पुढच्या दोन मिनिटांत आयत्या वेळच्या ॲपची खरी परीक्षा असते.

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं आपल्याला माहीत आहे. ॲपसुद्धा तेच करतं. बर्थ निवडून पुढे जाताच ट्रॅव्हल्सच्या संगणकात त्या बर्थवर तिच्या नावाचा रुमाल पडतो. त्याच क्षणी ठाण्यातल्या कुणी तोच बर्थ दाबला असेल, तर संगणक दोन्ही मागण्या एकामागे एक लावतो, पहिलीला हो म्हणतो आणि दुसरीला नाही. दोन रुमाल कधीच पडत नाहीत. फरक इतकाच की हा रुमाल ठरावीक वेळाने आपोआप उचलला जातो. ती वेळ किती ठेवायची यावर आम्ही आठवडाभर वाद घातला. पंधरा मिनिटं ठेवली तर नुसतं पाहून सोडून देणारे लोक शेवटच्या जागा अडवून बसतात. तीन मिनिटं ठेवली तर पिन आठवेपर्यंत जागा जाते. आठ मिनिटांवर थांबलो, आणि उलटी मोजणी लाल आकड्यांत न दाखवता 'बर्थ ९.४६ पर्यंत तुमच्यासाठी ठेवला आहे' असं लिहिलं. लाल आकडे उतरताना पाहून माणसांची बोटं थरथरतात आणि पिन चुकतो. हे मी समोर बसून पाहिलं आहे.

मग पैसे. 'यूपीआयने भरा' दाबलं की आपलं ॲप मागे जातं आणि पैशांचं ॲप पुढे येतं. स्वस्त फोनमध्ये मेमरी कमी असते. पैशांचं ॲप उघडताना फोन मागचं ॲप बंद करून टाकतो. पिन टाकून ती परत येते तेव्हा आपलं ॲप नव्याने सुरू झालेलं असतं आणि तिच्यापुढे पुन्हा तो पहिला पडदा असतो: कुठे जायचंय? पैसे तर गेलेत. तिच्या पोटात गोळा येतो. ती पुन्हा बर्थ शोधते, तो 'भरलेला' दिसतो, कारण तिचाच रुमाल त्यावर आहे. दुसरा बर्थ घेते, पुन्हा पैसे भरू पाहते, आणि १,९०० मधले ७५० च उरलेले असतात.

यावर उपाय असा की तिची अर्धी झालेली खरेदी फोनच्या भरवशावर ठेवायची नाही, सर्व्हरवर लिहून ठेवायची. ॲप कितीही वेळा बंद पडून उघडलं तरी पहिला पडदा दाखवण्याआधी त्याने सर्व्हरला विचारायचं, या बाईचं काही अर्धवट राहिलंय का? त्याचबरोबर प्रत्येक खरेदीला सुरुवातीलाच एक क्रमांक द्यायचा, बँकेत टोकन देतात तसा. नेट गेल्यामुळे तीच मागणी तीनदा गेली तरी टोकन एकच असतं, म्हणून पैसे एकदाच घेतले जातात आणि तिकीट एकच निघतं.

पैशांचं उत्तर तीन प्रकारचं येतं: मिळाले, मिळाले नाहीत, आणि अजून कळत नाही. पडदे करणारे पहिल्या दोघांवर मेहनत घेतात आणि तिसऱ्यासाठी 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं लिहून मोकळे होतात. मला या वाक्याची चीड आहे. पैसे मध्येच अडकलेले असताना माणसाला पुन्हा पैसे भरायला सांगणारं ते वाक्य आहे. आम्ही त्याजागी हे लिहिलं: 'तुमच्या बँकेकडून उत्तर यायचं आहे. पुन्हा पैसे भरू नका. बर्थ ७ तुमच्याच नावावर आहे. दोन मिनिटांत नक्की सांगतो.' आणि ते दोन मिनिटांचं वचन पाळण्यासाठी मागे यंत्रणा उभी केली. सर्व्हर दर काही सेकंदांनी बँकेच्या बाजूला विचारत राहतो. होकार आला तर तिकीट. दोन मिनिटांत काहीच आलं नाही तर स्पष्ट नकार, आणि त्याच पडद्यावर पुढची गाठता येणारी गाडी. घुटमळत ठेवण्यापेक्षा नकार बरा, कारण सायनची गाडी तिच्यासाठी थांबणार नाही.

खात्यातून गेलेले पैसे व्यापाऱ्यापर्यंत पोहोचल्याचं निश्चित झालं नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत आणि पुढे उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम आहे. नियम चांगला आहे, पण खात्यात १,९०० रुपये असलेल्या माणसाला पाच दिवसांनी परत येणारे पैसे आज रात्री उपयोगाचे नाहीत. म्हणून पैसे आधी फक्त अडवून ठेवायचे आणि तिकीट पक्कं झाल्यावरच कापायचे, ही पद्धत अशा प्रवासाला जास्त योग्य आहे. तिकीट झालं नाही तर अडवलेली रक्कम सोडून द्यायची असते, परत मागवायची नसते. २०१८ मध्ये आलेल्या यूपीआयच्या दुसऱ्या आवृत्तीपासून अशी एकवेळची सोय आहे.

अडलेल्या माणसाकडून जास्त पैसे काढणं सोपं असतं, हे या धंद्यातलं कडू सत्य आहे. गणपतीत आणि मे महिन्यात ते उघड दिसतं. महाराष्ट्रात खासगी बसला त्याच दर्जाच्या एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडं आकारता येत नाही, असा २७ एप्रिल २०१८ चा शासन निर्णय आहे. आम्ही ही कमाल रक्कम गणितात घातली आणि तिच्यावरची गाडी यादीत येऊच दिली नाही. आणि एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं आहे, ते यादीतच वजा करून दाखवलं, नाहीतर तिला सगळ्यात स्वस्त पर्याय कळलाच नसता. 'फक्त २ जागा उरल्या' हे खरं असेल तरच लिहायचं, आणि विम्याची खूण आधीच केलेली ठेवायची नाही. खोटी घाई आणि गुपचूप जोडलेली रक्कम या दोन्ही गोष्टी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ठरवलेल्या १३ फसव्या प्रकारांत येतात.

भाषेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात मराठी घातली की वेलांट्या वरून कापल्या जातात आणि उकार खालून. ओळीची उंची वाढवून ते सुधारतं. शब्दांचा घोळ जास्त खोल असतो. 'तिकीट रद्द करायचं?' या प्रश्नाखाली 'रद्द करा' आणि 'ठीक आहे' अशी दोन बटणं मी पाहिली आहेत. कशाने तिकीट जातं आणि कशाने वाचतं? आम्ही बटणावरच पूर्ण काम लिहिलं: 'हो, तिकीट रद्द करा' आणि 'नको, तिकीट राहू द्या'.

९.४१ ला तिचं तिकीट झालं. ते फोनमध्ये उतरवून ठेवलं जातं, नेट नसतानाही उघडतं, आणि एसएमएसनेही येतं; तिने भावाचा नंबर दिला असेल तर त्यालाही एक प्रत जाते, म्हणजे बॅटरी संपली तर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून भावाला विचारता येईल. तिकिटावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत गाडीचा नंबर, कारण सायनला रात्री एकापाठोपाठ एक पांढऱ्या ट्रॅव्हल्स लागतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. त्याखाली थांब्याची खूण, रस्त्याची बाजू, आणि गाडीवरच्या माणसाचा फोन. तो उचलला जातो की नाही, हे आम्ही रोज संध्याकाळी लावून बघत असू.

पहाटे कणकवली जवळ आली की ॲप गजर वाजवतं. पण तोवर तिची बॅटरी संपलेली असेल असंच आम्ही धरलं. म्हणून क्लीनरच्या हातातल्या यादीत बर्थच्या क्रमाऐवजी उतरण्याच्या गावांचा क्रम लावला: चिपळूण, हातखंबा, लांजा, राजापूर, तळेरे, कणकवली. राजापूरची माणसं उतरली की तो पुढचं नाव बघतो, तळेरे गेलं की वरच्या बर्थचा पडदा हलवतो आणि हाक मारतो, "सात नंबर, उठा, कणकवली इली."